हिशेब कुणाकडे द्यावा?

अगदी लहान धंदा करणारी बहुतेक माणसं हिशेब बघणारा माणूस निवडत नाहीत. तो त्यांना मिळतो. मेव्हण्याचं रिटर्न जो भरतो तोच आपलंही भरायला लागतो. बँकेने कर्जासाठी तीन वर्षांची रिटर्न्स मागितली, की बँकेसमोरच्या जिन्यावर ज्याची पाटी असेल त्याच्याकडे कागदांची पिशवी जाते. जीएसटीची नोटीस आली, उत्तराची मुदत परवा संपतेय, म्हणून शेजारचा दुकानदार ज्याचं नाव सांगेल त्याला फोन लागतो. घाईत जुळलेलं हे नातं मग दहा-दहा वर्षं चालतं, कारण मध्येच माणूस बदलणं अवघड वाटतं आणि आपली सगळी कागदपत्रं त्याच्याकडेच असतात.

या प्रकरणात ज्या धंद्यांचा विचार आहे, तिथे मालक स्वतः राबतो आणि हाताखाली फार तर दोन-चार माणसं असतात. उलाढाल काही लाखांपासून कोटीच्या आतबाहेर. डोंबिवलीतलं ब्यूटी पार्लर, भोसरीतलं दोन लेथ मशीनचं वर्कशॉप, बार्शीतलं किराणा दुकान, घरून मसाले विकणारी गृहिणी. मोठ्या कंपनीत एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेला पडते, कारण तिथे ऑडिटर असतो, वित्त विभाग असतो. इथे एकच माणूस सगळं बघतो आणि त्याने काय केलं हे तपासणारं दुसरं कुणी नसतं. म्हणून ही निवड लहान धंद्यात जास्त काळजीने व्हायला हवी.

सुरुवातीलाच एक कायदा सांगतो. जीएसटी कायद्याचं कलम ४८ जीएसटी प्रॅक्टिशनरबद्दल आहे. त्याच्या तिसऱ्या पोटकलमानुसार, रिटर्न प्रॅक्टिशनरने भरलं तरी त्यातली माहिती बरोबर असण्याची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचीच राहते. आयकरातही रिटर्न खरं असल्याची ग्वाही करदाताच देतो. ‘आमच्या साहेबांनी भरलं होतं, मला काही माहीत नाही’ हे उत्तर अधिकाऱ्यासमोर टिकत नाही. म्हणून माझा पहिला निकष असा, की आपल्या नावाने जे चाललंय ते आपल्याला दिसू देणारा आणि समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस हवा. त्याची हुशारी, ओळखी आणि पदव्या मी त्यानंतर बघेन.

पाटीवर काय लिहिलंय

बाजारात हिशेबाचं काम निरनिराळी माणसं करतात आणि त्यांचे अधिकार सारखे नाहीत. टॅलीवर नोंदी करणारा माणूस आठवड्याला किंवा महिन्याला दुकानात येऊन बिलं चढवतो. पूर्वी दिवाणजी कीर्द-खतावणी लिहायचे, त्यातलंच हे काम. ते नीट झालं नाही तर वरचं सगळं कोसळतं, म्हणून त्याला कमी लेखू नये. पण त्याची सही ताळेबंदावर चालत नाही.

त्यानंतर कर सल्लागार. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत विक्रीकराच्या काळापासून काम करणारी अशी कितीतरी माणसं आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा त्यांतले बरेच जण जीएसटी प्रॅक्टिशनर झाले. ही नोंदणी पोर्टलवर होते, तिचा क्रमांक मिळतो आणि त्यासाठी ‘नासिन’ या केंद्रीय प्रशिक्षण संस्थेची परीक्षा असते. मात्र दारावर नुसतं ‘कर सल्लागार’ लिहायला कुठलीही सनद लागत नाही. तेव्हा ‘तुमचा जीएसटीपी क्रमांक काय?’ हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या माणसाला त्याचा राग येणार नाही.

चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे सीए, १९४९ च्या कायद्याखाली येतात. त्यांची संस्था त्याच वर्षी १ जुलैला स्थापन झाली. कंपनीचं वैधानिक ऑडिट आणि आयकराचं टॅक्स ऑडिट फक्त सीए करू शकतो. त्याने सही केलेल्या प्रमाणपत्रावर आणि ऑडिट अहवालावर यूडीआयएन नावाचा १८ अंकी क्रमांक असतो. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने तो सक्तीचा झाला. संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर तो कुणालाही तपासता येतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. सीएच्या शिक्क्याखाली दुसऱ्याच कुणी सह्या केल्याचे प्रकार घडत होते, म्हणून ही सोय झाली. तुमच्या कागदावर हा क्रमांक नसेल किंवा पोर्टलवर सापडत नसेल, तर तो कागद बँकेत देऊ नका.

मग सीएच हवा का? धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की टॅक्स ऑडिटचा प्रश्न येतो. रोखीचे व्यवहार येणं आणि देणं दोन्ही बाजूंनी पाच टक्क्यांच्या आत असतील, तर ही मर्यादा १० कोटींची आहे. त्याखालच्या बहुतेक दुकानदारांना चांगला कर सल्लागार पुरतो. शहरातल्या नावाजलेल्या फर्ममध्ये तुमची फाइल बहुधा आर्टिकलशिप करणाऱ्या विद्यार्थ्याकडे जाईल. त्यात गैर काही नाही, तो मुलगा शिकतच मोठा होणार आहे. पण वर्षातून एकदा तरी सीए स्वतः तुमच्यासमोर बसून ताळेबंद वाचणार का, हे आधी विचारून घ्या. नसेल, तर फोन उचलणारा तालुक्याचा सल्लागार तुम्हाला जास्त उपयोगाचा आहे.

स्थानिक माणसाचा आणखी एक फायदा आहे. महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये हा कायदा झाला. पगारी माणसं ठेवली तर त्यांच्या पगारातून कापून भरायची नोंदणी वेगळी आणि मालकाची स्वतःची वेगळी. मालकाला वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. दूरच्या शहरातून फोनवर सेवा देणारे याकडे दुर्लक्ष करतात, आणि काही वर्षांनी व्याजासकट मागणी येते. गुमास्ता, व्यवसाय कर, अन्न परवाना ही जंत्री गावातल्या माणसाला पाठ असते.

मुळात काम किती आहे

माणूस शोधण्याआधी आपलं काम समजून घ्यायला हवं. नाहीतर गरज नसलेल्या सेवेचे पैसे जातात आणि गरज असलेला सल्ला मिळत नाही.

घरून मसाले विकणाऱ्या बाईंचं उदाहरण घेऊ. त्यांची वर्षाची विक्री १८ लाख, त्यातले १२ लाख यूपीआयने किंवा बँकेत आले आणि ६ लाख रोख. आयकरात लहान धंद्यासाठी अंदाजित नफ्याची सोय आहे. बाजारात सगळे तिला ‘४४ एडी’ म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी तोंडात जुनंच नाव आहे. या सोयीत बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के नफा किमान धरतात. म्हणजे १२ लाखांवर ७२ हजार आणि ६ लाखांवर ४८ हजार, एकूण १ लाख २० हजार. खरा नफा यापेक्षा जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा असतो, हे पुष्कळांना कुणी सांगतच नाही. २ कोटींपर्यंतच्या उलाढालीला ही सोय मिळते. रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. आयकरासाठी सविस्तर वह्या ठेवायचं बंधन यात राहत नाही.

एवढं साधं असेल तर माणूस कशाला हवा? सोय जिथे लागू होत नाही, तिथे त्याची गरज लागते. कमिशन, दलाली किंवा एजन्सीच्या उत्पन्नाला ही सोय नाही. मार्केट यार्डातला अडत्या, विमा एजंट, कमिशनवर माल विकून देणारा माणूस यांना ती घेता येत नाही, आणि तरी त्यांची रिटर्न्स त्याखाली भरलेली दिसतात. शिवाय या सोयीत एकदा आल्यावर पुढच्या पाच वर्षांत कधी कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर त्यानंतरची पाच वर्षं परत आत येता येत नाही. आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या ठेवून ऑडिट करून घ्यावं लागतं. एका वर्षी मंदी आली, सल्लागाराने विचार न करता कमी नफा टाकला, आणि पुढची पाच वर्षं ऑडिटच्या फीची झाली.

जीएसटीतही तसंच. मालाच्या धंद्यात उलाढाल ४० लाखांच्या आणि सेवेच्या धंद्यात २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, हे आता सर्वांना माहीत आहे. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल, तर साधारणपणे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. सावंतवाडीचा काजू प्रक्रिया करणारा म्हापशातल्या दुकानाला माल देतो, कोल्हापूरची मसालेवाली बेळगावच्या गिऱ्हाइकाला कुरियर करते. त्यांना हे अंतर तासा-दोन तासांचं वाटतं, पण कायद्याच्या दृष्टीने माल दुसऱ्या राज्यात गेला. ‘तुमचं गिऱ्हाईक कुठे आहे?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत न विचारणारा सल्लागार मला अपुरा वाटतो.

नोंदणी करायची ठरली की नेहमीची की कंपोझिशनची, हा पुढचा प्रश्न. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला आणि उत्पादकाला कंपोझिशनमध्ये १ टक्का कर आणि तीन महिन्यांतून एकदा भरणा, त्यामुळे ते फार सोपं वाटतं. किराणा दुकानाला ते बहुतेक वेळा योग्यही असतं, कारण तिथलं गिऱ्हाईक घरगुती आहे. पण भोसरीतल्या लेथवाल्याने कंपोझिशन घेतलं तर त्याला बिलात कर लावता येत नाही, आणि ज्या कारखान्याला तो सुटे भाग देतो त्या कारखान्याला कराचं क्रेडिट मिळत नाही. कारखान्याचा खरेदी विभाग दुसरा पुरवठादार शोधतो. शिवाय लेथवाल्याने स्वतः घेतलेल्या लोखंडावर भरलेला करही त्याला वळता करून घेता येत नाही. कागदावर कर वाचतो आणि ऑर्डर जाते. हा सल्ला देण्यासाठी सल्लागाराने तुमचा धंदा समजून घ्यायला हवा, नुसते दर पाठ असून भागत नाही.

चांगल्या आणि कामचलाऊ माणसातला फरक इथे कळतो. कामचलाऊ माणूस वर्ष संपल्यावर आकडे भरतो. चांगला माणूस यंत्र घेण्याआधी, भागीदार घेण्याआधी, दुसऱ्या राज्यात माल पाठवण्याआधी दहा मिनिटं बोलतो. तुम्ही ज्याच्याकडे जात असाल त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना ‘काम वेळेवर होतं का?’ याबरोबर आणखी एक विचारा: ‘त्यांनी तुम्हाला कधी आपणहून फोन करून काही सांगितलं का?’ या प्रश्नाच्या उत्तरात बरंच काही कळतं.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो

या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

जीएसटीची नोंदणी करताना पोर्टल एक मोबाइल नंबर आणि एक ईमेल मागतं. मालकाला ईमेल वापरायची सवय नसते, फोनवर सतत ओटीपी सांगणं नको वाटतं, म्हणून सल्लागार स्वतःचाच नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकतो. बहुतेक वेळा यात वाईट हेतू नसतो. त्याच्याकडे दोनशे फाइली असतात आणि त्याला काम उरकायचं असतं. पण त्या दिवसापासून तुमच्या धंद्याचं सगळं सरकारी टपाल त्याच्या घरी जाऊ लागतं.

पुढे काय होऊ शकतं ते बघा. जीएसटी कायद्यात पोर्टलवर टाकलेली नोटीस ही बजावणीची मान्य पद्धत आहे. दारात पोस्टमन यायची वाट बघण्यात अर्थ नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्याने सलग सहा महिने रिटर्न भरलं नाही तर नोंदणी रद्द करण्याची कारवाई सुरू होऊ शकते, आणि त्या नोटिशीला उत्तर द्यायला कामाचे सात दिवस मिळतात. एखाद्या आदेशाविरुद्ध अपील करायची मुदत तीन महिने. हे सगळे दिवस तुमच्या नकळत, दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये मोजले जातात. सल्लागार आजारी पडला, गाव सोडून गेला किंवा फीवरून वाद झाला, तर तुमच्या हाती पासवर्डही नसतो.

आणि आयकराचं काय? रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत ते पडताळावं लागतं, आणि बहुतेक जण ते आधारच्या ओटीपीने करतात. दुकानात गर्दी आहे, फोन वाजतो, पलीकडून आवाज येतो, ‘शेठ, ओटीपी आला असेल, सांगा पटकन.’ शेठ वजनकाट्यावरून नजर न हलवता सहा आकडे वाचून दाखवतात. त्या क्षणी रिटर्नवर त्यांची सही झालेली असते. आत किती उत्पन्न लिहिलंय, कुठली वजावट घेतलीय, परताव्यासाठी कुठलं बँक खातं दिलंय, यातलं एक अक्षर त्यांनी पाहिलेलं नसतं. कागदावर अशी सही मागितली असती तर त्यांनी निदान चष्मा तरी शोधला असता.

म्हणून काम देताना पहिल्याच दिवशी ठरवून टाका. जीएसटी आणि आयकर, दोन्ही पोर्टलवर प्राथमिक मोबाइल आणि ईमेल मालकाचा. सल्लागाराचा हवा तर आयकराच्या पोर्टलवर दुय्यम म्हणून. जीएसटीच्या पोर्टलवर आपल्या खात्यातूनच प्रॅक्टिशनर नेमण्याची आणि काढण्याची सोय आहे, आयकराच्या पोर्टलवर सीएला अधिकृत प्रतिनिधी म्हणून जोडता येतं. या सोयी अशाच कामासाठी आहेत, त्यामुळे मालकाचा पासवर्ड दुसऱ्याला द्यायची गरजच उरत नाही. डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन असेल तर तो दुकानाच्या गल्ल्यात ठेवा. कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून देऊ नका, सल्लागार कितीही जवळचा असला तरी. दुसऱ्यांच्या पॅन आणि आधारवर बनावट फर्म उभ्या करून खोटी बिलं फाडण्याचे गुन्हे देशभर उघड झाले आहेत, आणि तपास त्या पॅनच्या मालकापासून सुरू होतो.

आज तुमचा नंबर पोर्टलवर नसेल तर घाबरू नका. सल्लागार चालू असेल आणि संबंध चांगले असतील तर त्याला सांगून बदल करून घ्या, ओटीपी आल्यावर ते ऑनलाइन होतं. त्याचा पत्ताच लागत नसेल तर आपल्या भागाच्या जीएसटी कार्यालयात जा. ओळखीचे आणि मालकीचे पुरावे घेऊन अर्ज केला, की तिथला अधिकारी मोबाइल आणि ईमेल बदलून देऊ शकतो. ताई, भाऊ, हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

फी आणि कराचे पैसे

फी किती असावी याचा एक आकडा सांगता येणार नाही. गाव, बिलांची संख्या, ऑडिट आहे की नाही, यावर ती ठरते. पण फीमध्ये काय येतं आणि काय येत नाही, हे चार ओळींत लिहून घेता येतं. महिन्याची की तिमाही रिटर्न्स? वर्षाचं आयकर रिटर्न यातच की वेगळं? नोटिशीचं उत्तर वेगळं लागणार का? उशिरा भरल्याचा दंड कुणाच्या चुकीने झाला तर कोण सोसणार? हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण विचाराच. जीएसटीचं 3बी रिटर्न उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये, व्यवहार शून्य असला तरी २० रुपये दंड लागतो. लहान उलाढालीला त्यावर कमाल मर्यादा आहे. कर थकला तर त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज. तुम्ही बिलं पाठवायला उशीर केला असेल तर दंड तुमचा. त्यासाठी बिलं कुठल्या तारखेपर्यंत द्यायची हेही त्याच कागदावर लिहा. उद्यम नोंदणी आणि जीएसटी नोंदणी यांना सरकारी शुल्क नाही. सल्लागाराने आपल्या कामाचे पैसे घेणं रास्त आहे, पण ‘सरकारी फी’ म्हणून घेत असेल तर पावती मागा.

कराचे पैसे सल्लागाराच्या हातात रोख देऊ नका. कर आपल्या बँकेतून, आपल्या चलनावर भरायचा. चलन सल्लागाराने तयार करून दिलं तरी पैसे तुमच्या खात्यातून थेट सरकारकडे गेले पाहिजेत. दर महिन्याला पैसे नेणारा माणूस ते भरत नव्हता, हे दोन वर्षांनी कळल्याच्या कहाण्या प्रत्येक बाजारपेठेत ऐकायला मिळतात. जीएसटी पोर्टलवरची रोख खातेवही, म्हणजे कॅश लेजर, उघडून बघायला पाच मिनिटं पुरतात.

परताव्यातला टक्का मागणाऱ्यापासून लांब राहा. निकालावर किंवा टक्क्यावर ठरणारी फी घ्यायला सीएंना काही ठरावीक अपवाद सोडता बंदी आहे, आणि त्यामागे सबळ कारण आहे. परतावा जेवढा जास्त तेवढी कमाई, असं असेल तर खोट्या वजावटी घुसतात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटी लावून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध देशभर मोठी तपासणी मोहीम घेतली. उत्पन्न चुकीचं दाखवलं असं ठरलं तर त्यावरच्या कराच्या दुप्पट, म्हणजे २०० टक्के दंड होऊ शकतो. तो मध्यस्थाला नाही, करदात्याला भरावा लागतो.

‘किती दाखवायचं?’

पहिल्या भेटीत सल्लागाराने हा प्रश्न विचारला तर उठून या. उत्पन्न किती झालं, असं विचारणारा माणूस हवा. कर्जासाठी रिटर्न ‘वाढवून’ देणाराही तितकाच धोक्याचा आहे. मुद्रा योजनेत शिशु गटाला ५० हजारांपर्यंत, किशोर गटाला ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटाला १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. या रकमांसाठी धंद्याचे खरे आकडे बहुतेक वेळा पुरतात. फुगवलेल्या नफ्यावर कर भरायचा, त्या नफ्यावर बेतलेला हप्ता घ्यायचा, आणि हप्ता मात्र खऱ्या नफ्यातून फेडायचा, यात बुडतो तो दुकानदारच.

चांगला सल्लागार पहिल्या भेटीत तुम्हाला बरेच प्रश्न विचारेल. घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं एकच आहे का? गिऱ्हाईक नोंदणीकृत आहे का? माल उधारीवर किती जातो? नातेवाइकांकडून रोख उसने घेतले आहेत का? हा प्रश्न खासगी वाटेल, पण २० हजार किंवा त्याहून जास्त रोख कर्ज घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, म्हणून तो विचारावाच लागतो. एकाच माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलेला खर्च वजावटीत धरत नाहीत. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही. हे नियम धंदा करणाऱ्याला आधी कळले तर पाळता येतात, मार्चमध्ये कळून उपयोग नाही.

तुम्हीही विचारा. तुम्ही रजेवर गेलात तर काम कोण बघतं? माझ्यासारखे धंदे तुमच्याकडे आहेत का? खरेदीच्या बिलांचा जीएसटी पोर्टलवरच्या 2बी पत्रकाशी दर महिन्याला ताळा करून देणार का? पुरवठादाराने तुमचं बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं नसेल तर ते त्या पत्रकात दिसत नाही आणि तुमचं कराचं क्रेडिट अडतं. पुरवठादाराला पुढचे पैसे देण्याआधी हे कळलं तर त्याला सांगून दुरुस्त करून घेता येतं. जुलै आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत कुठल्याही कार्यालयात या प्रश्नांना वेळ मिळणार नाही. ही भेट एप्रिल-मे महिन्यात ठरवा.

आणि माणूस बदलायचा झाला तर? त्याची आधीची फी चुकती करा, मग लेखी यादी देऊन कागद मागा. गेल्या वर्षांची रिटर्न्स आणि पोचपावत्या, ताळेबंद, टॅलीचा बॅकअप, नोटिसा आणि त्यांची उत्तरं, नोंदणीची प्रमाणपत्रं. जीएसटीच्या वह्या आणि बिलं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात, म्हणजे जुना सल्लागार गेला तरी त्याच्या काळातल्या नोंदी तुम्हालाच दाखवाव्या लागणार. ऑडिटचं काम नव्या सीएकडे जात असेल तर त्याला आधीच्या सीएला लेखी कळवावं लागतं. त्याच्या संस्थेचाच तो नियम आहे, त्यामुळे चोरून बदल करता येत नाही आणि करायची गरजही नाही. यादीतला प्रत्येक कागद हाती आल्यावर पोर्टलवरून जुन्या प्रॅक्टिशनरचं नाव काढा, पासवर्ड बदला, आणि त्यानंतरच नव्या माणसाला जोडा.